ढोलकीचं कातडं

लालबाग, मंगळवार

दिगू,

तू गावाहून पाठवलेलं बकरीचं कातडं ह्यांनी घरीच केस खरवडून भजनाच्या ढोलकीला चढवलं. थोड्याच दिवसांत मनगटावर पुळी उठली, तिची काळी खपली झाली. दुखत नाही म्हणून दाखवायला तयार नव्हते, मीच ओढून नेलं. डॉक्टर म्हणाले, अँथ्रॅक्स आहे, आजारानं मेलेल्या जनावरातून येतो. वेळेवर आलात, औषधानं बरा होईल.

बकरी कापलेली आहे म्हणालास ना रे? खोटं का बोललास? आज चांगली झापणार होते तुला. पण लिहिता लिहिता डोक्यात आलं, ते कातडं सोललं कोणी? तूच ना?

काल तुला फोन केला तर तुझी सुलभा म्हणाली, झोपलेत. आज भरदुपारीसुद्धा तेच.

पत्र राहू दे. मीच निघते.

तुझी ताई