एका रॉडसाठी लागणारी औजारं

२ ऑगस्ट, शनिवार
ताईचा फोन. आईच्या खुब्याच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले. काठी घेऊन घरातल्या घरात चालते. ताईकडे आता कंटाळली, आमच्याकडे यायचं म्हणते. अट एकच. आमच्या बाथरूमला आत उतरायला एक पायरी आहे, तिथे धरायला काहीतरी हवं. पडायची धास्ती घेतली आहे तिने.

बायको म्हणाली, प्लंबरला बोलावू, रॉड लावून देईल, अर्ध्या तासाचं काम. मी म्हणालो, माझ्या आईचा रॉड मी लावणार. आईला फोनवर सांगितलं, पुढच्या रविवारी ये. तिला गहिवरून आलं असावं, कारण ती नुसतं “बघ बाबा” म्हणाली.

३ ऑगस्ट, रविवार
घरातल्या औजारांची पाहणी. डोकं हलणारी हातोडी एक. पक्कड एक, उघडत नाही. स्क्रू ड्रायव्हर नाही, त्या जागी भाजीची सुरी. या सामग्रीवर इतकी वर्षं संसार चालला हे आश्चर्य.

ठरलं. घरात छोटं वर्कशॉप उभारायचं. मात्र दिसेल ते उचलायचं नाही. जन्मभर पुरेल तेच औजार घ्यायचं, पारखून. डायरीच्या शेवटच्या पानावर धोरण लिहून काढलं. सही केली.

६ ऑगस्ट, बुधवार
ऑफिसातून परस्पर हार्डवेअरच्या दुकानात. दुकानदाराने विचारलं, काम काय आहे? मी म्हणालो, काम नंतर, आधी औजारं दाखवा. त्याने ड्रिल दाखवलं. मी मोटरविषयी सात प्रश्न विचारले. आठव्याला तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. या धंद्यात अभ्यासू माणसं राहिली नाहीत.

मोजायची टेप घेतली. आठ मीटरची. बाथरूम पाच फूट आहे, पण मोजमापात हात आखडता घेऊ नये.

१० ऑगस्ट, रविवार
आज आई यायची होती. आठवडाभर पुढे ढकललं. तिला समजावलं की निवडीचा टप्पा चालू आहे. तिने विचारलं, रॉड आणलास का? रॉड काय, कोणीही आणेल.

१७ ऑगस्ट, रविवार
आतली छोटी खोली वर्कशॉपसाठी घेतली. तूर्त टेबल नाही, म्हणून आईच्या खाटेवर प्लायवूड टाकलं आणि खाटेच्या कडेला लाकूड पकडायचा लोखंडी व्हाइस बसवला. अवजड वस्तू. हमालाने दुसऱ्या मजल्यावर आणताना दोनदा माझ्याकडे रोखून पाहिलं.

बायकोने विचारलं, आई झोपणार कुठे? सांगितलं, टेबल झालं की खाट मोकळी. टेबलाला लाकूड कापायला हवं. कापायला करवत हवी. करवत पारखायची तर लाकूड घट्ट धरणारा व्हाइस हवा. तो आता आहे, खाटेवर. सगळं कसं क्रमाने चाललंय. ती मान हलवून गेली. पटलं असावं.

२३ ऑगस्ट, शनिवार
तळमजल्यावरचे फिटरकाका येऊन गेले. कारखान्यात चाळीस वर्षं फिटर होते, आता रिटायर. खाटेवरच्या व्हाइसकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मग विचारलं, तुला नेमकं करायचंय काय? सांगितलं. म्हणाले, चार भोकं ना, थांब, माझं ड्रिल घेऊन येतो. मी आभार मानून नको म्हटलं. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत सगळी मिळून सहा औजारं आहेत, मी पाहिली आहेत. एका धंद्यात चाळीस वर्षं काढून माणूस इतका मागे राहू शकतो.

जाताना स्वयंपाकघरात बायकोला काहीतरी म्हणाले. ती खूप हसली.

२४ ऑगस्ट, रविवार
आज खरं मोठं काम झालं. औजारं टांगायचा बोर्ड. प्रत्येक औजाराची आकृती लाल रंगाने काढली, म्हणजे ज्याची जागा त्याला. आकृत्या बावीस. औजारं तीन. काय काय कमी आहे ते आता एका नजरेत कळतं.

बोर्ड भिंतीला लावायचा तर भिंतीला भोकं हवीत. म्हणजे आता ड्रिल आलंच. तोवर बोर्ड जमिनीवर टेकवून ठेवला आहे. बायकोची ओढणी ओल्या रंगाला लागली. एकोणीस नंबरची आकृती, कानस, थोडी फिस्कटली.

३१ ऑगस्ट, रविवार
ड्रिल घेतलं. तीन दुकानं, चार रविवार, पण वस्तू बावनकशी. चालवायचा योग अजून नाही, पुस्तिका वाचतोय. पान चौदा.

दुपारी आईचा फोन. म्हणाली, इथे बरं आहे रे माझं, तू जिवाला त्रास करून घेऊ नकोस, काही घाई नाही. किती समजूतदार बाई. मग ताईने फोन घेतला, बाहेर व्हरांड्यात जाऊन बोलली. आईने दहा तारखेसाठी बॅग भरली होती ती तशीच पलंगापाशी आहे. रोज एक साडी काढते, धुऊन घडी करून परत बॅगेत ठेवते. बॅग रिकामी करू देत नाही.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. तासभर कशातच लक्ष लागेना. मग दुकानात जाऊन ड्रिलच्या बिट्सचा दुसरा संच घेतला.

५ सप्टेंबर, शुक्रवार
बायकोने सांगितलं म्हणून व्हाइस काढायला गेलो. निघेना. स्क्रू जाम. मोठा पाना आणला. व्हाइस निघाला, सोबत खाटेची कड निघाली. ती चिकटवायला फेव्हिकॉल आणि दाबून धरायला चार शिकंजे आणले. बोर्डवर शिकंज्यांची आकृती नव्हती, नव्याने काढली. आकृत्या तेवीस.

७ सप्टेंबर, रविवार
सरावासाठी छोट्या खोलीच्या भिंतीत भोकं पाडली. अकरा. पहिल्या सहांना भोक म्हणणं कठीण आहे. पुढची पाच सुबक. सकाळी अकरा वाजता बोर्ड भिंतीवर लागला. दुपारी सव्वादोनला उतरला, आपला आपण. खाली कोणी नव्हतं. भिंत कच्ची आहे, बिल्डरची चूक.

१३ सप्टेंबर, शनिवार
बायकोने जाहीर केलं की पुढच्या रविवारी ती आईला घेऊन येणार. रॉड असो वा नसो. विचारलं नाही, सांगितलं. मी म्हणालो, मीही हीच तारीख मनात धरली होती.

रॉड आणायला गेलो. दुकानदाराने काउंटरकडे बोट दाखवलं. तिथे नमुन्याचा रॉड ठोकलेला आहे. म्हणाला, साहेब, दीड महिना तुम्ही यालाच धरून उभे राहता, मला वाटलं हा सोडून बाकी सगळं हवंय.

२० सप्टेंबर, शनिवार
रॉड लागला!

साडेतीन तास. पायरीवर उभा राहिलो, हात वर सहज जिथे गेला तिथे खूण केली. चार भोकं, चारही नीट. भोकांत प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू आवळले. रॉड सरळ आहे का बघायला वर लेव्हल ठेवली, बुडबुडा अगदी मधोमध. मग दोन्ही हातांनी धरून पूर्ण वजन टाकलं. केसभर हलला नाही. घरात मी पहिल्यांदा काहीतरी लावलं आणि ते पडलं नाही. एकटाच होतो, डोळ्यांत पाणी आलं.

फिटरकाकांना मुद्दाम बोलावून दाखवलं. हलवून बघितला, म्हणाले, मजबूत आहे. मग पायरीकडे बघितलं, रॉडकडे बघितलं, काहीतरी बोलायला गेले. मी लेव्हल पुढे केली, बुडबुडा बघा म्हटलं. बघितला. गेले. चाळीस वर्षांचा अनुभव असताना हे सोपं नसतं, समजू शकतो.

२१ सप्टेंबर, रविवार
आई आली. वाळली आहे. आल्या आल्या मी तिला बाथरूमपाशी नेलं. चहासुद्धा नंतर.

तिने रॉडकडे पाहिलं. म्हणजे वर पाहिलं. एका हातात काठी, दुसरा हात उंच केला. बोटांची टोकं लागली.

आई माझ्या खांद्याच्याही खाली येते. हे मला कॉलेजात असल्यापासून माहीत आहे.

बायकोने फक्त माझ्याकडे पाहिलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं. आई म्हणाली, किती पक्का बसवलायस रे, आणि काठीच्या टोकाने टॉवेल वर चढवून त्यावर वाळत घातला. मग तिला हातपाय धुवायचे होते. पायरीशी थांबली. पाऊल पुढे होईना. काठी माझ्याकडे दिली आणि माझं मनगट धरलं. तिची पकड अजून चांगली आहे, ऑपरेशनआधी होती तशीच. उतरली. दार लोटलं.

आतून विचारलं, आहेस ना रे? म्हटलं, आहे. पाणी सोडल्याचा आवाज आला. पुन्हा विचारलं, आहेस ना? म्हटलं, आहे गं, कुठे जातोय. वीस मिनिटं उभा होतो, मग तिला हात देऊन वर घेतलं.

उद्या सकाळी फिटरकाका रॉड खाली घ्यायला येणार आहेत. बायकोने सांगितलं त्यांना. जिन्यात भेटले तेव्हा मी विचारलं, माझं ड्रिल काढून ठेवू का? नको म्हणाले, आपलं आणतो.