काडतुसं भरण्याची अवजारं कोराला, व्हर्नला काहीही नाही

मी, आर्डिस मे टोलफसन, वय एकोणऐंशी, कै. हार्लन टोलफसन यांची पत्नी, राहणार कॉटन फोर्क, राज्य वायोमिंग, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवत आहे. माझी स्मरणशक्ती उत्तम आहे. ती थोडी कमी असती तर बरं, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढचा मजकूर बसून वाचावा. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

या कागदाला दोन साक्षीदार लागतात. एक सही वकीलबाईंच्या कचेरीतल्या मिसेस ओडेगार्ड करतील. दुसरी जागा मी माझे धाकटे दीर व्हर्न टोलफसन यांच्यासाठी मोकळी ठेवली आहे. व्हर्नभावजींनी सहा वर्षांत या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. दोष माझा आहे. कसा, ते कलम पाचमध्ये लिहिलं आहे. हा मसुदा मी त्यांना टपालाने पाठवत आहे. ते आले नाहीत तर दुसऱ्या कोणाचीही सही चालेल, असं वकीलबाई म्हणतात. कायद्याला चालेल. मला चालणार नाही.

कलम १. घर आणि मागची जागा माझी मुलगी लॉर्ना हिला. ती स्वयंपाकघराला पिवळा रंग देणार हे मला माहीत आहे. माझ्या जिवंतपणी विषय काढला नाही, याबद्दल तिचे आभार.

कलम २. बँकेतली शिल्लक निम्मी लॉर्नाला, निम्मी गावच्या आगीच्या बंबाला. बंबवाल्यांनी दरवर्षी माझा ख्रिसमसचा केक मागून नेला आणि तो खाताना मी त्यांना कधी पाहिलं नाही, तरीही.

कलम ३. तळघरातला बाक आणि घरी रायफलची काडतुसं भरण्याची अवजारं माझी नात कोरा हिला. ती चोवीस वर्षांची आहे, इस्पितळात नर्स आहे, आणि दोन हिवाळे शिकारीला जाऊन आता स्वतःची काडतुसं स्वतः भरायची म्हणते. त्यासाठी काय काय घ्यायचं याची तिने चौदा वस्तूंची यादी केली. त्या यादीपायी जूनमध्ये मी तिच्याबरोबर दुकानात गेले. विक्रेत्याने एक चकचकीत, फिरत्या चकतीचं यंत्र पुढे केलं.

“आजी, दांडा एकदा ओढला की एक काडतूस तयार. तासाला पाचशे.”

“आणि जुळणी चुकली असेल तर?”

“म्हणजे?”

“म्हणजे तासाला पाचशे चुका ना?”

“आजी, जरा गप्प बस,” कोरा म्हणाली. बाहेर आल्यावर म्हणाली, “किती लाज आणलीस गं.”

“तुला वर्षाला किती लागतात?”

“सराव धरून शंभर.”

“म्हणजे बारा मिनिटांचं काम. उरलेलं वर्ष त्या यंत्रावर कपडे वाळत घालणार आहेस का?”

ती हसली नाही, पण यंत्रही घेतलं नाही. म्हणून तिला खालील वस्तू देते.

माझी जुनी, एकावेळी एकच काडतूस करणारी प्रेस. ती हळू चालते. नवशिक्याला हळूपणाच विकत घ्यावा लागतो. तो इथे फुकट मिळतो आहे. थर्टी-ऑट-सिक्स मापाच्या काडतुसांचे साचे. लांबी मोजायचा कॅलिपर. दांडीचा तराजू आणि त्याची वजनं. विजेवरचा काटा घ्यायचा तर पुढे घे, पण आधी दांडी स्थिर होईपर्यंत थांबायला शीक. तोलताना तळघराचा हीटर बंद ठेव, त्याच्या झोताने दांडी खोटं बोलते. पन्नास भोकांची लाकडी पाटी आणि छोटी बॅटरी: सगळ्या पितळी पुंगळ्यांत बंदुकीची दारू घालून झाली की गोळ्या बसवण्याआधी प्रत्येक तोंडात उजेड टाकून बघायचं. प्रत्येक. या एका सवयीवर माझं अर्धं आयुष्य उभं होतं. काम करताना डोळे जपणारा चष्मा. आणि भरलेलं काडतूस पुन्हा उघडायचा हातोडा, जो कोराच्या यादीत नव्हता. नवशिक्याच्या यादीत तो कधीच नसतो, कारण आपलं चुकेल असं त्याला वाटत नाही.

दारूच्या प्रमाणाचं छापील पुस्तक तिने नवं घ्यावं. माझी वही वाचायला आहे, वापरायला नाही. ती माझ्या रायफलची आहे, कोराच्या रायफलला तिच्याशी काही देणंघेणं नाही. नावाची चिठ्ठी निघून गेलेल्या डब्यांतली दारू, कितीही ओळखीची वाटली तरी, बागेत पातळ पसरून टाकावी. गवत छान येतं.

कलम ४. मी भरून ठेवलेली तीनशे बारा काडतुसं कोणीही झाडू नयेत. दुसऱ्याने घरी भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालायचं नाही, हा इथला नियम लहान मुलालाही पाठ असतो, आणि मेलेल्या बाईच्या हाताला त्यातून सूट नाही. कोराने ती सगळी हातोड्याने एकेक करून उघडावीत. त्यातून ती जे शिकेल ते मी शिकवू शकले नसते.

कलम ५. हा नियम एका माणसाने एकतीस वर्षं मोडला. हार्लनला बंदुकीचा आवाज सोसत नसे; तो घरी थांबून ॲपल-पाय भाजत असे. शिकारीला मी आणि व्हर्नभावजी जात असू, आणि भावजींच्या रायफलीत काडतुसं माझी असत. लोक विचारत, “व्हर्न, भीती नाही वाटत?” ते म्हणत, “वहिनी बत्तीस वर्षं औषधांच्या दुकानात पुड्या तोलतात. त्यांच्या हातचं अख्खं गाव गिळतं, मी नुसतं झाडतो.” माझ्याविषयी याहून मोठं कोणी काही बोललेलं नाही.

२०१३ च्या उन्हाळ्यात हार्लन आजारी होता. त्याच ऑगस्टमध्ये मी भावजींची वीसची पेटी भरली आणि दिली. सप्टेंबरात हार्लन गेला. अंत्यविधीनंतर नवव्या दिवशी भावजी दारात आले. टोपी हातात, पेटी टोपीत.

“वहिनी, ही परत तोलून बघता का?”

“का?”

“बघा एकदा.”

“भावजी, तुम्ही कॉफीत मीठ घालून प्यायलेला माणूस. तुम्ही मला तोलायला सांगता?”

“अंधारात घातलं होतं ते.”

“मग अंधारातच राहा,” मी म्हणाले, आणि दार लावलं. पेटी फळीवर ठेवली ती न उघडता. त्यांनी दोनदा फोन केला, मी घेतला नाही. एकदा खारवलेल्या माशांची बरणी पायरीवर ठेवून गेले. मी मासे खाल्ले, बरणी परत केली, आत चिठ्ठी नव्हती.

या ऑगस्टमध्ये मृत्युपत्रासाठी तळघरातल्या वस्तूंची मोजदाद करताना ती पेटी उघडली. एकोणीस काडतुसं टोकं खाली करून होती. एक उलटं ठेवलेलं होतं. ते तोललं. बाकीच्यांपेक्षा ते नेमकं दारूच्या वजनाइतकं हलकं भरलं. हातोड्याने उघडलं, आत दारूचा कणही नव्हता. असल्या काडतुसाची गोळी नळीत अर्ध्यावर अडकते. शिकारी घाईत दुसरा बार काढतो, आणि नळी त्याच्या तोंडासमोर फुटते. मी पाटीवर बॅटरी धरली नव्हती. त्या दिवशी हार्लन वरून हाका मारत होता, आणि मी दर दहा मिनिटांनी जिना चढत होते. हे कारण आहे, सबब नाही.

भावजी, चूक माझी होती. तुम्ही ती मला चारचौघांत दाखवली नाहीत, आणि मी तुम्हाला सहा वर्षं त्याचीच शिक्षा दिली.

कलम ६. व्हर्न टोलफसन यांना या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. हार्लनचं घड्याळ नाही, दुर्बीण नाही, माशांची बरणीही नाही. यावर वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

“एवढं सगळं लिहून त्यांना काहीच नाही?”

“ज्याला काही मिळतं तो साक्षीदार नसावा, असं तुम्हीच म्हणालात ना?”

“म्हणाले.”

“मग मला ते साक्षीदार हवेत. वस्तू काय, कोणालाही देता येते. माझ्या हातून झालेल्या गोष्टीखाली ज्याने नाव घालावं, असा माणूस एकच आहे.”

हे माझं शेवटचं म्हणणं आहे. ते वाचून, समजून मी सही करत आहे.

(सही) आर्डिस मे टोलफसन

साक्षीदार १: मृत्युपत्र करणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर सही केली. (सही) बर्निस ओडेगार्ड, कारकून.

साक्षीदार २: वकीलबाई म्हणाल्या की नुसती सही पुरे. मला दोन ओळी लिहायच्या आहेत. वहिनींनी माझ्यासमोर सही केली. त्यांचं चित्त ठिकाणावर आहे. मी आल्या आल्या त्यांनी मला बूट पुसायला लावले. मला यातून काही मिळत नाही हे मी वाचलं आहे आणि माझी तक्रार नाही. ते काडतूस हाताला हलकं लागलं म्हणून मी उलटं ठेवलं होतं. ते तोंडाने सांगायला हवं होतं. पण ती पेटी भरली त्या वेळी माझा भाऊ वरच्या खोलीत होता हे मला ठाऊक होतं, आणि तो कोणाला हाका मारत होता हेही. ते मला त्या दारात उभं राहून बोलता आलं नाही. (सही) व्हर्न एल. टोलफसन

ठिकाण: स्वयंपाकघर, टोलफसन यांचे घर, कॉटन फोर्क, वायोमिंग
दिनांक: २१ सप्टेंबर २०१९