काड्यापेटीएवढा रेडिएटर

प्रिय ठकू,

तुझं पत्र पोचलं. आमच्यासाठी तू खोली रिकामी केलीस, स्वतः शिवून पडदे लावलेस, वाचून भरून आलं. उत्तराला उशीर झाला तो माझ्या बोटांमुळे. दोन भाजलीत, बाकीची काळी झालीत. घाबरू नकोस. तुझ्या आईनं रेडिएटर बनवलाय! मोटारीचा नव्हे गं, तुझे बाबा हौसेनं घरी बनवत होते त्या मुठीएवढ्या इंजिनाचा. काड्यापेटीएवढा आहे, पण आहे अगदी खराखुरा.

काचबिंदूनं बाबांची नजर गेली तेव्हा इंजिनाचं तेवढंच काम राहिलं होतं. रेडिएटर नसल्यामुळे ते मिनिटभर चालायचं आणि तापून बंद पडायचं. बाबांनी त्यावर फडकं टाकलं आणि कामाच्या खोलीत जायचंच सोडलं. दिवसभर खुर्चीत. मी बोलले तरी हूं, नाही बोलले तरी हूं. हत्यारं विकून आमच्याकडे राहायला या, असं तू फोनवर म्हणालीस, तेव्हाही नुसतं हूं. भांडले असते तर चाललं असतं गं, पण ते हूं मला सहन होईना.

म्हणून एका सकाळी मी फडकं काढलं आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं तांब्याचा पत्रा कापायला घेतला, माझ्या शिलाईच्या कात्रीनं. खुर्चीतूनच ओरडले, कात्रीची वाट लावशील! मी म्हटलं, मग काय वापरू ते इथे येऊन सांगा. आले. भिंत चाचपत, माझा उद्धार करत, पण आले.

मग आमची जुंपली. पातळ पत्र्याला चुण्या घालायच्या आणि त्या बारीक पितळी नळ्यांच्या मधे बसवायच्या, म्हणजे वारा लागून नळ्यांतलं पाणी निवतं. आता चुण्या म्हटल्यावर मी कुणाचं ऐकते? आयुष्यभर लोकांच्या पोरींच्या फ्रॉकांना दुसरं काय घातलं? बाबांनी त्यावरून बोट फिरवलं आणि चाचपून पुढची नळी माझ्या हातात दिली. म्हणजे पसंत, एवढं मला कळतं. सोल्डरिंग करताना मात्र माझी पार फजिती झाली. एक सांधा जोडावा, तर त्या उष्णतेनं शेजारचा सुटायचा. रडकुंडीला आले. बाबा म्हणाले, जोडलेल्या सांध्यावर ओलं फडकं गुंडाळ. आणि मी माझं डोकं चालवलं, सगळं आधी तारेनं बांधून घेतलं, कापडाला कच्चे टाके घालतो तसं. मग काय बिशाद हलायची!

शेवटी बादलीतली परीक्षा. रेडिएटर पाण्यात धरायचा, एक तोंड अंगठ्यानं बंद करून दुसऱ्याला रबरी नळी लावून फुंकायचं, बुडबुडा आला की समजायचं गळतोय. मी गाल फुगवून फुंकत होते, डोळे फाडून बघत होते, काही दिसेना. बाबा बादलीवर कान लावून बसले होते. म्हणाले, तुझ्या अंगठ्यापाशी आहे. खरंच होता, मोहरीएवढा! डोळे माझे आणि सापडला त्यांना. तेव्हाचा त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास, ठकू. तो सांधा मी पुन्हा भरला, इंजिन जोडलं आणि सुरू केलं. माझा चहा गार झाला तरी ते चालूच. मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू, त्यांचा आणि खरं सांगायचं तर माझाही.

आता पत्राचं खरं कारण. जावईबापूंनी पाठवलेला हत्यारांचा व्यापारी परवा आला, तेव्हा इंजिन चालू होतं. तो हत्यारांकडे बघायचंच विसरला. रेडिएटर कुणी बनवला म्हणून विचारलं, तर बाबा ताठ बसून म्हणाले, आम्ही दोघांनी. तो हत्यारं न घेताच गेला, पण जाताना स्वतःच्या इंजिनासाठी असाच रेडिएटर बनवायला सांगून गेला. बाबांनी मला न विचारता होसुद्धा म्हटलं! तेव्हा पोरी, ती खोली आमच्यासाठी अडवून ठेवू नकोस. हे काम हातावेगळं झालं की आम्ही येऊ, चार दिवस पाहुणे म्हणून. पडद्यांची शिवण मात्र उलटी करून बघणार आहे. आता पुरे करते. बाबा आतून हाका मारतायत, पत्रा कापायचाय, आणि मी धड उत्तर देत नाही म्हणून केव्हाचे बडबडतायत. मी मुद्दामच नुसतं हूं म्हणतेय.

तुझीच,
काळ्या बोटांची आई