टापटिपीची शिक्षा

कडेगाव, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९७४

शी! त्या 'टापटीप' शब्दाचीच किळस आली आहे. दुपारी हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुमचं काम टापटीप. स्नेहसंमेलनही तुम्हीच बघा." दोन वर्ग आधीच माझ्या गळ्यात आहेत. तरी मी हो म्हणाले. का म्हणाले?

घरी आले तर धाकटे दीर पाय पसरून बसलेले. सासूबाई म्हणाल्या, "तुजं काम लय टापटीप हाय गं, भाकरी थाप पटकन." पिठात हात घातला आणि तसाच बाहेर काढला. परात त्यांच्यापुढे सरकवली. "आत्या, आज माझ्यानं न्हाई व्हायचं."

वाटलं, आता तोंड सुटणार. पण त्यांनी परात आपल्याकडं ओढली. मग दिराला म्हणाल्या, "ऊठ रं, चूल पेटव."

घरभर धूर झाला. मी उठले नाही.