शनिवारची आरोळी

रविवार, संध्याकाळ. काळाचौकी.

आपल्या बँडच्या जुन्या चाहत्यांची तक्रार एकच आहे: नव्या गाण्यांत बँडने आपल्याला टाकून दिलं. आज आमच्या चाहता मंडळाच्या खोलीत मीच हे तावातावाने मांडलं आणि टाळ्या घेतल्या. शनिवारी परळच्या कार्यक्रमात नवं गाणं सुरू झालं, की आपण खालून, प्रेक्षकांतून, जुन्या गाण्याचा मुखडा उचलायचा, असं ठरलं. आजवर आपण तसं केलं की बँडने निमूट आपलंच वाजवलंय. पहिली आरोळी माझी, कारण माझा आवाज मोठा.

मग मेघनाने, आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या चाहतीने, नवं गाणं स्पीकरवर लावलं. कडव्याच्या मधेच गायक थांबतो आणि त्याचा श्वास ऐकू येतो.

संज्या खिदळला, "म्हातारा दमला रे!"

मेघना माझ्याकडे वळली. "तूही हल्ली भाषणात असाच थांबतोस. आम्ही कधी खालून तुझं जुनं भाषण सुरू केलंय?"

सगळे हसले. मी चपला घालून निघालो.

घरी तेच गाणं पुन्हा लावलं. पुन्हा तो श्वास. पूर्वी गायक तो ओरडून झाकायचा, आता झाकत नाही. गाणं आवडलं का? अजून सांगता येत नाही. पण माझ्या आरोळीत तो श्वास बुडेल, एवढं नक्की. आणि मला तो बुडवायचाय का?

नाही. ग्रुपवर आत्ताच लिहितो. संज्या शिव्या घालेल, घालू दे.

मित्रांनो, शनिवारी नवं गाणं सुरू झालं की शेवटच्या सुरापर्यंत तोंड मिटून ऐका.