न उडालेल्या बाराबाबत

प्रति,
माननीय ग्राहक तक्रार अधिकारी,
जिल्हा कचेरी, टॅनर्स फोर्ड,
पेन्सिल्व्हेनिया राज्य.

अर्जदार : मर्ल हॉकेनबेरी, मुक्काम लॉरेल फोर्क, लाकडी पुलापलीकडे.

विषय : माझे सासरे श्री. फेरिस वायमर यांच्या ठासणीच्या बंदुकीत अडकलेल्या बाराविषयी, आजन्म हमीखाली, आदेश मिळणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज, ज्यांचे उत्तर आलेले नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती की, आधीचे तीन अर्ज बाजूला ठेवून हा चौथा वाचावा. आधीच्या अर्जांत माझी भाषा जरा चढली होती. दुसऱ्या अर्जातील "कचेरीत कोणी जागे आहे काय" हे वाक्य मी मागे घेतो. तिसऱ्यातले गोगलगाईचे उदाहरणही मागे घेतो. का, ते पुढे येईल.

१. सदर बंदूक जुन्या पद्धतीची, चकमकीच्या ठिणगीने पेटणारी असून गेल्या वर्षी नवी कोरी घेतलेली आहे. श्री. वायमर, ज्यांना घरात व गावात सगळे पॅप म्हणतात, हे स्वतः जन्मभर बंदुका घडवीत आले. हात कापू लागले तेव्हा स्वतःच्या हातची बंदूक त्यांनी नातीला दिली व ही कंपनीची विकत घेतली. "आता दुसऱ्यांनी घडवावं, आपण नुसतं उडवावं," असे ते म्हणाले होते. कंपनीने बंदुकीबरोबर आजन्म हमी दिली आहे. जन्म कोणाचा, बंदुकीचा की घेणाऱ्याचा, हे कागदावर स्पष्ट नाही.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी चकमकीच्या बंदुकांनी शिकार करण्याचा हंगाम उघडला. पॅप नेहमीच्या ओंडक्यावर बसले होते, मी खालच्या अंगाला होतो. एक हरणी अशी समोर येऊन उभी राहिली की टोपी फेकून मारता आली असती. पॅपनी चाप ओढला. चापाजवळच्या वाटीतले रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, भसकन पेटले, धूर झाला, आणि बार काही उडाला नाही. त्यांनी शांतपणे पुन्हा रंजक घातले. पुन्हा तेच. हरणीने आम्हा दोघांकडे नीट पाहून घेतले आणि शेपटी वर करून निघून गेली.

 घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर पॅप म्हणाले, "मर्ल, एक तर ही बंदूक गेली, नाही तर मी गेलो. कोण गेलं ते कंपनीला ठरवू दे. तोवर बंदुकीला कुणी बोट लावायचं नाही. तूसुद्धा नाही." आणि तोवर गाडीही चालवायची नाही म्हणून ट्रकची किल्ली त्यांनी स्वतःच्या हाताने खुंटीला अडकवली. ती अजून तिथेच आहे.

२. आपण शिकार करीत नसाल तर एवढे सांगणे भाग आहे. रंजक पेटून बार न उडण्याची कारणे मुख्यतः दोन. वाटीतली आग नळीत जाते ती एका बारीक भोकातून, त्याला काना म्हणतात. तो चुकीच्या जागी पाडला असेल तर आग आतल्या दारूपर्यंत पोहोचत नाही, आणि हा दोष कंपनीचा. दुसरे कारण असे की आत दारूच नसते. माणूस गप्पांच्या नादात दारू ओतायची विसरतो आणि चिंधीत गुंडाळलेली गोळी रिकाम्या नळीत ठासून मोकळा होतो. याला आमच्याकडे कोरडी गोळी म्हणतात.

कोरडी गोळी ज्याने ठासली त्याच्या गळ्यात आमच्या शिकारी क्लबात लाकडी गाढव अडकवतात. पुढचा गाढव सापडेपर्यंत ते उतरवता येत नाही. माझ्या गळ्यात ते दोनदा पडले. आमच्या पाद्रीबाबांनी ते घालून ईस्टरची प्रार्थना चालवली. हे गाढव पॅपनीच कोरले आहे आणि ते त्यांच्या गळ्यात कधीही पडलेले नाही.

गाढवाचे एक वेळ सोडा. पॅप वर्षानुवर्षे सगळ्यांसमोर म्हणत आले आहेत, "ज्या दिवशी मी दारू विसरेन, त्या दिवशी मला टॅनर्स फोर्डच्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात नेऊन टाका. आणि रडत बसू नका." माझी पत्नी डोरीन ही त्यांची मुलगी. तिने ते लक्षात ठेवले आहे. आश्रमाचे माहितीपत्रक आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली लावलेले आहे. ती वाईट नाही, घाबरलेली आहे. शरद ऋतूत पॅपनी कॉफीची पूड न घालताच कॉफी उकळली आणि तिघांना वाढली. मी व डोरीनने ते गरम पाणी पिऊन टाकले. डोरीन म्हणते, "बंदुकीचा निकाल लागू दे. बंदूक वाईट निघाली तर मी ते पत्रक चुलीत घालते. नाहीतर बाबांचा शब्द बाबांना पाळावा लागेल." म्हणजे कंपनी एका नळीत बघून एका माणसाने कुठे झोपायचे ते ठरवणार आहे.

३. कंपनीशी प्रथम फोनवर बोलणे झाले. केंड्रा नावाच्या बाई होत्या. संभाषण आठवते तसे देत आहे.

"बाई, बंदूक उडत नाही."

"पाठवून द्या, साहेब. फक्त रिकामी करून पाठवा."

"रिकामी कशी करू?"

"मोकळ्या जागी उडवून टाका."

"उडत नाही म्हणून तर फोन केलाय!"

"बरोबर. तशी तक्रार लिहून घेते. आता बंदूक पाठवा. रिकामी करून."

डोरीनने माझ्या हातून फोन हिसकावला आणि म्हणाली, "अगं ए, तुझ्याकडे कुणी शहाणं माणूस असेल तर त्याला दे बघू!" बाई म्हणाल्या, "आज मी एकटीच आहे हो, बाकीचे सगळे शिकारीला गेलेत." मग त्या दोघी विणकामावर बराच वेळ बोलल्या. हल्ली डोरीनला त्यांची पत्रे येतात. बंदुकीबद्दल त्यात काही नसते.

असा पेच कोणाही शिकाऱ्याला चुटकीसरशी सोडवता येतो, हे मी लपवीत नाही. गोळी ठासायच्या लाकडी गजाला स्क्रू लावून ती ओढून काढावी, किंवा कान्यातून चिमूटभर दारू आत सारून ती उडवून द्यावी. परंतु हमीपत्राच्या मागील बाजूस बारीक अक्षरात लिहिले आहे की, कंपनीच्या मान्यताप्राप्त कारागिराखेरीज कोणी गोळीला हात लावल्यास हमी रद्द समजावी. मी मान्यताप्राप्त कारागिराचे नाव मागितले. कंपनीने तत्परतेने कळवले. आमच्या भागासाठी मान्यताप्राप्त कारागीर : श्री. फेरिस वायमर, लॉरेल फोर्क.

हे पॅपना वाचून दाखवले तेव्हा ते कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, "आपल्या गुन्ह्याला आपणच न्यायाधीश? नाही जमणार." कंपनीचेही मत तेच पडले.

४. मी बंदूक आहे तशी खोक्यात घालून कुरिअरच्या दुकानात नेली. तेथील इसमाने विचारले, "आत काय आहे?" मी आयुष्यभर मुलांना शिकारीतील सुरक्षितता शिकवली आहे, खोटे बोलू शकलो नाही. तो दोन पावले मागे सरला आणि म्हणाला, "भरलेली बंदूक आम्ही घेत नाही, आजोबा. खोकं उचला आणि सावकाश बाहेर जा."

म्हणून वनरक्षक श्री. टॉड बीमस्डर्फर यांना घरी बोलावले. त्यांनी बंदूक जप्त करावी, म्हणजे सरकारी खात्यातून ती कंपनीकडे जाईल, असा माझा डाव होता. त्यांनी वाटी उघडून पाहिली आणि म्हणाले, "सर, ही तर रिकामी आहे."

"टॉड, आत गोळी आहे!"

"असेना का. वाटीत रंजक नाही म्हणजे कायद्याने बंदूक रिकामी. तुम्हीच शिकवलंत ना मला? पेपरात लिहिलं नव्हतं तेव्हा मार्क कापले होते तुम्ही."

हे खरे आहे. मार्क कापले होते. रिकाम्या बंदुकीवर त्यांना कारवाई करता येत नाही, तसे त्यांनी लिहून दिले. ते लिखाण व खोके घेऊन मी पुन्हा कुरिअरकडे गेलो. तो इसम म्हणाला, "हा कायदा गाडीत बसून शिकारीला जाणाऱ्यांचा. आमच्याकडे आत गोळी म्हणजे भरलेली." आणि त्याने खोक्यावर तसा शिक्का मारला. तात्पर्य, माझ्या घरात एक बंदूक आहे जी एका काउंटरवर भरलेली आहे आणि दुसऱ्यावर रिकामी, आणि मी त्या दोहोंच्या मध्ये उभा आहे.

५. भरलेल्या बंदुकीचे तोंड सुरक्षित दिशेला असावे आणि तिला एकटे सोडू नये, हा नियम मीच शिकवत आलो. त्यामुळे ती मागच्या खोलीत सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर ठेवली आहे आणि तिच्याशेजारी खुर्चीवर मी असतो, उठलोच तर खोलीला कुलूप लावून. तिच्या तोंडासमोर फ्रीझर व खारवलेल्या कोबीचे मोठे मडके आले. ते हलवायचे तर बंदुकीसमोरून जावे लागते, आणि ते मी कोणाला करू देत नाही. परिणामी नववर्षाच्या दिवशी आम्ही डुकराचे मांस कोबीशिवाय खाल्ले. आमच्या खोऱ्यात असे कोणी करीत नाही. वर्ष वाईट जाते. शेजारीण नेहमीप्रमाणे कोबी न्यायला डिश घेऊन आली, तर डोरीनने तिला पुढच्या दारानेच परत पाठवले, लाजेने. कुत्राही आता मागच्या दाराने येत नाही. मी मात्र तिथेच असतो.

येथवरची हकीकत आधीच्या अर्जांत आहे. आता जे लिहितो ते त्यांत नाही.

६. गेल्या आठवड्यात कंपनीचे पत्र आले. मान्य करतो, पत्र सभ्य आहे. येत्या गुरुवारी कंपनीचे मुख्य कारागीर स्वतः आमच्या घरी येतील, गोळी ओढून काढतील, आत काय होते ते पाहून कारण लेखी देतील आणि दोष कंपनीचा असल्यास नवी बंदूक देतील. माझ्या चिकाटीचे त्यांनी कौतुक केले आहे. डोरीनने त्यांच्यासाठी ॲपल पाय भाजायला घेतला आहे. महोदय, हेच मी तीन अर्जांत मागत होतो.

पत्र आले त्या दुपारी डोरीन चर्चमध्ये गोधड्या शिवायला गेली होती. पॅप आरामखुर्चीत तोंड उघडे टाकून झोपले होते. मी बंदुकीजवळ बसलो होतो. गोळीला हात लावू नये असे हमीपत्र म्हणते, गजाला लावू नये असे कुठे म्हटलेले नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. प्रत्येक जण आपल्या गजावर सुरीने एक खूण पाडून ठेवतो. दारू व गोळी नीट बसली असेल तर गज नळीत सोडल्यावर खूण बरोबर तोंडाशी येते. पॅपची खूण केसासारखी बारीक आणि सरळ आहे, हात कापत असतानाही.

मी गज अलगद आत सोडला. खूण तोंडाशी थांबली नाही. दोन बोटे खोल आत गेली.

गोळीखाली दारू नाही. काना उत्तम पाडलेला आहे. कंपनीची बंदूक निर्दोष आहे, आणि तिच्याबद्दल मी आधीच्या अर्जांत जे जे लिहिले ते सर्व या अर्जाने मागे घेत आहे.

संध्याकाळी जेवताना पॅपनी विचारले, "काय रे, कुठवर आलं आपलं प्रकरण?" मी ताटात बघत म्हणालो, "विचाराधीन आहे." ते म्हणाले, "बरं," आणि बटाटे आणखी वाढून घेतले. आपल्या कचेरीत फोन केला की ऐकू येणाऱ्या विचाराधीन या शब्दाला मी गेले दोन महिने शिव्या दिल्या. त्या संध्याकाळी तो शब्द मला पांघरुणासारखा वाटला.

मला हे उघड लिहू द्यावे. पॅप विसरतात. पुढे जास्त विसरतील. ट्रक ते चालवत नाहीत, बंदूक बंद आहे, चूल मला या खुर्चीतून दिसते, आणि या खुर्चीतून मी सहसा हलत नाही. पण सकाळी लाकडे तेच फोडतात, पत्त्यांत मला रोज हरवतात, आणि डोरीन खोलीत आली की आधी तिच्याकडे बघतात, मग आपल्या हातांकडे. आश्रमाच्या खिडक्या वाहनतळावर उघडतात. मी जाऊन पाहून आलो. माझा जीव त्यात गुदमरला, आणि मी तर परत घरी येणार होतो.

७. सबब विनंती अशी :

(अ) सदर प्रकरण आपल्या कचेरीत दाखल असेपर्यंत बंदूक "जैसे थे" ठेवावी आणि कोणीही, विशेषतः कंपनीच्या कारागिरांनी, तिला हात लावू नये, असा आदेश गुरुवारपूर्वी काढावा.

(आ) तो आदेश तेवढा लवकर काढावा. त्यानंतर मात्र कोणतीही घाई करू नये.

(इ) माझा अर्ज मंजूर करू नये आणि फेटाळूही नये. तो विचाराधीन ठेवावा. आजन्म हमीतला जन्म कोणाचा, याचा माझ्या परीने मी अर्थ लावला आहे. तो जन्म संपेपर्यंत ठेवावा.

(ई) या अर्जाची प्रत घरी पाठवू नये. आमच्याकडे टपाल डोरीन घेते.

हा अर्ज लिहीत असताना पॅप मागच्या खोलीत आले आणि माझ्यामागे उभे राहिले. मी कागद हाताने झाकला. त्यांनी तो पाहायला मागितला नाही. त्यांनी बंदुकीखालून गज ओढून काढला, अंगठा एकदा त्या खुणेवरून फिरवला, गज जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला, दोऱ्याने बांधला आणि माझ्यापुढे ठेवला.

म्हणाले, "हापण पाठव अर्जाबरोबर. साहेबांना लागेल तपासायला."

मी म्हणालो, "पॅप, तिकडे गेला तर लवकर परत येणार नाही."

"माहितीये," ते म्हणाले. "साहेबांना सांग, आम्हाला घाई नाही."

आपल्या उत्तराची वाट न पाहणारा,

मर्ल हॉकेनबेरी
लॉरेल फोर्क, १९ फेब्रुवारी

सोबत :
१. हमीपत्राची नक्कल, मागील बाजूसह.
२. वनरक्षकांचे लेखी म्हणणे की बंदूक रिकामी आहे.
३. कुरिअरने खोक्यावर मारलेल्या शिक्क्याचा फोटो की बंदूक भरलेली आहे.
४. गज, लाकडी, एक. दोरा सोडू नये. परत पाठवू नये.