पलांडू कुळातल्या कुंड्या

अडाजण, सुरत
४ फेब्रुवारी २०२५

सौ. मंदाताई यांस सप्रेम नमस्कार वि. वि.

साखरपुड्यासाठी पाठवलेल्या ट्यूलिपच्या कुंड्या तुम्ही परत केल्यात आणि रविवारचा समारंभ थांबवलात, म्हणून लिहिणे भाग पडले. आमचा आशिष धड जेवत नाही. तुमची रश्मीच नको म्हणाली, असे त्याला वाटते. कारण कळवा. फोनवर तुम्ही रडता, मला काही समजत नाही.

लोभ आहेच, खुलासाही असावा.
आपली होऊ घातलेली विहीण,
अलका

उधना
५ फेब्रुवारी

सौ. अलकाताईंस सा. न. वि. वि.

रश्मी कशाला नको म्हणेल? ती तर माझ्याशी बोलत नाही! कुंड्यांवर पाट्या तुम्हीच लावल्यात. जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेत, सवय जात नाही, समजते. पण ‘कुल : पलांडू’ असे लिहून देवापुढे मांडायच्या कुंड्या कोण पाठवते? पलांडू म्हणजे कांदा, हे सासूबाईंनी लगेच ओळखले. आमच्याकडे कांदा-लसूण उंबरठा ओलांडत नाही. मग त्याचे भाऊबंद कसे घेऊ? वर फूल गोरेगोमटे, खाली कांदाच. सासूबाईंनी उकरून पाहिले.

राग नसावा, लोभ असावा.
मंदा

अडाजण
६ फेब्रुवारी

सौ. मंदाताईंस स. न. वि. वि.

उकरलेल्या झाडाने मान टाकली आहे. सासूबाईंना सांगा, ट्यूलिप हे लिलीच्या घरातले. कांदा पूर्वी त्याच घरात मोडत असे, म्हणून मराठीत साऱ्या कुळाला त्याचे नाव पडले. पुढे शास्त्रज्ञांनी डीएनए तपासून त्याला वेगळे काढले. आता तो दुसऱ्या कुळात नांदतो. पाट्या बदलल्या आहेत.

जुनेच धरायचे, तर शतावरीही त्याच कुळातली होती. सासूबाई एकादशीला दुधातून काय घेतात, ते रश्मीने आशिषला सांगितले आहे. घराणे बघायचे तर सगळ्यांचे बघावे.

कुंड्या आमच्या रिक्षावाल्या छगनबरोबर पाठवते. रविवारी येतो आहोत.

कळावे, लोभ ठेवणे तुमच्याकडे.
अलका

उधना
७ फेब्रुवारी

सौ. अलकाताईंस सा. न. वि. वि.

कुंड्या पोचल्या, देवापुढे मांडल्या. रश्मी बोलू लागली. रविवारी अवश्य या.

तुमचे पत्र सासूबाईंनी दोनदा वाचून घेतले. ट्यूलिप सुटले, हे त्यांना मान्य. पण शतावरीला त्या घरातून काढल्याचे तुम्ही कुठेच लिहिले नाही, असे त्या म्हणाल्या, आणि तिला आजच्या आज घराबाहेर काढायला लावले.

लोभ आहे, तो रविवारी वाढावा.
मंदा

छगनच्या हाती दिले : शतावरी कल्पाचा उघडलेला डबा, चमच्यासह.